नळीतली कुंभारमाशी

माझ्या वडिलांनी मला सोनं कमी दिलं आणि गाडी दिली, असं माझ्या सासरी बरीच वर्षं बोललं जायचं. त्यातलं अर्धंच खरं होतं. गाडी लग्नात दिलेली नव्हती. लग्नानंतर चार वर्षांनी वडिलांची नजर अधू झाली, पुण्यातली त्यांची घरोघरी जाऊन रोगी तपासायची प्रॅक्टिस बंद पडली. दारात उभी राहून गंजण्यापेक्षा खेड्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मुलीच्या कामाला येईल म्हणून त्यांनी ती मिरजगावला माझ्याकडे धाडली. काळी, विलायती बनावटीची, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढी. चालवायला मी तिच्यावरच शिकले होते. माझे यजमान तिथल्या हायस्कुलात शिकवायचे आणि सायकलवर हिंडायचे. गाडीला त्यांनी कधी हात लावला नाही. "ती तुझ्या माहेरची आहे, तूच बघ," म्हणायचे.

गाडीबरोबर वडिलांचं चार ओळींचं पत्र आलं होतं. तेल-पाणी रोज बघ. चढावर घाई करू नकोस. तिकडे धूळ फार, इंजिनात धूळ जाऊ देऊ नकोस. वडिलांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

आणि बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या भागात धुळीखेरीज दुसरं काही पिकलं नाही. जिकडे तिकडे रस्त्यांची कामं निघालेली, उन्हात बायका-माणसं खडी फोडत बसलेली. दवाखान्यातून निघून एखाद्या वस्तीवर पोचेपर्यंत आरशात माझे केस पांढरे दिसायचे. मग मी गाडीचं जे जे जपता येईल ते जपायला लागले. सीटांना खोळी शिवल्या. हवेची जाळी आठवड्याला धुवायला लागले. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा बघितलं तर इंजिनाच्या कडेनं एक नळी खाली येत होती, तिचं तोंड उघडंच होतं. ते बघून माझ्या अंगावर काटा आला. अशा उघड्या तोंडातून धूळ जाणार नाही तर काय? दवाखान्यात गॉजला तोटा नव्हता. चारपदरी गॉज त्या तोंडावर धरून वरून बँडेज गुंडाळलं, टोकं आत खोचली आणि कृतकृत्य होऊन हात धुतले.

माझ्या स्वभावाबद्दलही सांगायला हवं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि राग माझ्या नाकावर असायचा. तापलेल्या पोराच्या पोटावर बिब्ब्याचे डाग दिसले, नाळेला राख फासलेली दिसली, की मी आधी ओरडायची आणि मग तपासायची. ओरडायचं तेही चारचौघांत, म्हणजे बाकीचेही शहाणे होतील, असं माझं ठाम मत होतं. हमरस्त्याच्या कडेला ट्रक दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. तो एकदा अंगठा चिरून आला तेव्हा जखमेत हळद आणि ग्रीस दोन्ही भरलेलं होतं. बाहेर बसलेल्या सगळ्या रोग्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी त्याला झापलं, जखम धुतली, बँडेज बांधलं. तो मान खाली घालून "व्हय बाई" म्हणत राहिला.

पण ज्या बोलण्यानं माझी झोप पुढे बरेच दिवस उडाली, ते निराळं होतं.

मिरजगावपासून सहा मैल आत, माळावर, पाच-सहा घरांची एक वस्ती होती. दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात तिथल्या एका सुनेचं पहिलं बाळंतपण मी केलं. मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. सहाव्या दिवशी सकाळी निरोप आला म्हणून धावत गेले, तर बाळंतीण अर्धवट शुद्धीत होती आणि बाळ गेलेलं होतं. थंडी कडाक्याची पडलेली. सासूनं खिडकी लावून तिच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या होत्या, दाराला घोंगडी टांगली होती आणि बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी ठेवली होती. बाळंतिणीला शेक देणं घरोघरी होतं. या बाईनं ते फक्त जास्त मनापासून केलं होतं. बंद खोलीत शेगडीचा वायू कोंडला आणि कोवळा जीव त्यात टिकला नाही.

मी चिंध्या उपसून काढल्या, खिडकी उघडली, सुनेला उचलून अंगणात आणवलं. ती वाचली. अंगणात तोवर सगळी वस्ती जमली होती. त्या सगळ्यांसमोर मी सासूला म्हणाले, "तुम्ही मारलंत या पोराला."

ती हातातल्या चिंधीची घडी घालत राहिली. त्यानंतर तिनं माझ्या दवाखान्याची पायरी चढणं सोडलं. बाजारात समोर आली तर रस्ता ओलांडून जायची. मलाही वाटायचं, बरं झालं, अद्दल घडली.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तीच सून पुन्हा दिवसांत होती. नवरा लांब कारखान्यावर मजुरीला, ही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. तिथून परस्पर माझ्याकडे तपासायला यायची, सासूला सांगून की न सांगता ते मी विचारलं नाही. आठवा महिना सरला तेव्हा मूल आडवं लागलं. दोनदा मी हातानं फिरवून बघितलं, दोनदा ते पुन्हा आडवं झालं. म्हणजे कळा सुरू होण्याआधी तिला नगरच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायला हवं होतं. एकदा वस्तीवर कळा लागल्या की मूल तर जाणारच होतं, तीही वाचली नसती. वस्तीवर एसटी जात नव्हती. गावातले बैल चाऱ्यासाठी छावणीत नेऊन बांधलेले, त्यामुळे बैलगाडीही जुंपता येत नव्हती. राहिली माझी गाडी.

"सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन येते," मी तिला शब्द दिला. "तोवर कामावर जायचं नाही. पडून राहायचं."

"आत्याबाईंना काय सांगू?" तिनं विचारलं. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"डॉक्टरनं सांगितलंय म्हणून सांग."

त्या घरात माझ्या नावाला काय किंमत उरली होती ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आणि इकडे गाडीनं अंग काढून घेतलं. महिनाभर ती तेल टाकतच होती. आधी उभ्या जागी रुपयाएवढा डाग, मग ताटाएवढा. मी खाली पत्र्याचा तुकडा सरकवून ठेवायची. हळूहळू इंजिनाचं सगळं अंग काळं, ओलं झालं, तापल्यावर जळक्या तेलाचा वास आत यायला लागला. त्या आठवड्यात नगरला औषधं आणायला गेले होते तेव्हा एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसानं वाकून खाली बघितलं, मागच्या बाजूनं थेंब पडताना दिसले, तेवढ्यावर निकाल दिला. मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, तीन आठवडे लागतील, तोवर चालवू नका. तेल संपलं तर इंजिन कायमचं बसेल. मी तरी तेल ओतत ओतत गाडी घरी आणली. शुक्रवारी शेजारच्या गावाहून आले आणि तेल मोजायची सळई उपसून बघितली तर ती कोरडी होती. सकाळीच वरच्या खुणेपर्यंत तेल भरलं होतं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि रागानं रडले. रडले म्हणण्यापेक्षा चडफडले.

यजमान म्हणाले, "रस्त्यावरच्या त्या मिस्त्रीला दाखव की."

"तो ट्रकवाला. त्याला या गाडीतलं काय कळतंय?"

"तू नवीन आलीस तेव्हा गावही तुझ्याबद्दल हेच म्हणत होतं," ते म्हणाले आणि वह्या तपासायला बसले.

शनिवारी सकाळी मी गाडी त्या मिस्त्रीच्या लिंबाच्या झाडाखाली नेली. त्याचं दुकान म्हणजे ते झाड, एक पत्र्याची पेटी आणि शेजारी चहाची टपरी. पन्नाशीचा, काटकुळा माणूस, लष्करातून सुटून आलेला. अंगठ्यावरचा व्रण चांगला भरला होता, ते मी आधी बघून घेतलं. मला वाटलं, तो आता बोनेट उघडेल. त्यानं आधी मला बसायला डबा दिला आणि विचारत सुटला.

"किती दिस झालं गळतीला?"

"महिना. थोडं जास्तच."

"उभी असताना गळतंय का पळताना?"

"पळवून आणल्यावर जास्त."

"चढाला?"

"हो, चढाला फारच."

"धूर कसा हाय? निळा का काळा?"

मी आठवून आठवून सांगत होते. माझ्या रोग्यांना मी इतकं कधी विचारलं होतं का, असा एक विचार मनात येऊन गेला. मी तो तिथंच दाबला. मग त्यानं विचारलं, "नगरला काय बोलले?"

"मागचं सील. इंजिन उतरवायचं."

"इंजिन धुऊन बघितलं व्हय त्यांनी?"

"नाही."

"मंग त्यास्नी कसं दिसलं? सगळंच काळं असल्यावर तेल कुठनं येतंय ते कुनाला कळंल? पळत्या गाडीला वारं लागतं. वरचं तेल खाली येतं, म्होरलं मागं जातं. टपकतंय मागनं म्हून फुटलंय बी मागंच, असं कुठं असतंय."

त्यानं इंजिन धुवायला घेतलं. रॉकेल तेव्हा सोन्यासारखं जपायची वस्तू, पण त्यानं आपल्या डब्यातलं काढलं आणि झिजलेल्या ब्रशानं एकेक सांधा घासला. तासाभरात त्या इंजिनाचा मूळचा हिरवा रंग मी पहिल्यांदा बघितला. उन्हात ते वाळेपर्यंत त्यानं बिडी ओढली. मग म्हणाला, "आंगाला लावायची पावडर हाय का घरात?"

"रांगोळी आणू?"

"रांगोळी नगं. ती दगडाची भुकटी, आत गेली तर बेअरिंग खाईल. पीठ चाललं असतं, पर ह्या दिसांत पीठ कुनाला मागायचं?"

माझ्याकडे रबरी हातमोज्यांना लावायच्या पावडरीचा डबा होता. मी तो दवाखान्यातून आणला. मिस्त्रीनं तळहातावर थोडी थोडी घेऊन फुंकर मारत सगळ्या इंजिनावर ती उडवली. काम संपलं तेव्हा इंजिन तीट लावायच्या आधीच्या बाळासारखं दिसत होतं. टपरीवर चहा पीत बसलेले दोन ट्रकवाले उठून बघायला आले. माझ्या दवाखान्याकडे निघालेल्या दोघी बायकाही थांबल्या. डॉक्टरीणबाई गाडीला पावडर लावून घेताहेत, ही बातमी गावात पोचायला वेळ लागणार नव्हता.

"आता चला," तो माझ्या शेजारी येऊन बसला. "चार मैल जाऊन परत."

परत आलो, बोनेट उघडलं, आणि जे दिसलं ते मला अजून स्वच्छ आठवतं. पांढऱ्या पावडरीत काळ्या ओल्या रेघा उमटल्या होत्या. एक वरच्या झाकणाच्या कडेनं. एक तेल मोजायच्या सळईच्या भोकातून. एक बाजूच्या पत्र्याच्या जोडातून. आणि मागून थेंब पडत होते ते होतेच. एका जागी गळतंय म्हणून आले होते, चार जागी गळत होतं.

मिस्त्रीला मात्र ते बघून बरं वाटलं. "एका जागी गळलं असतं तर तिथलं पॅकिंग गेलंय म्हणालो असतो," तो म्हणाला. "चार जागा एकाच टायमाला फुटत न्हाईत, बाई. आतनं कोनतरी ढकलतंय."

त्यानं इंजिन चालू ठेवायला सांगितलं. तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर वर्तमानपत्राचा कपटा ठेवला. कपटा फडफडत उडाला आणि ट्रकवाल्याच्या पायाशी जाऊन पडला. त्यानं दुसरा ठेवला, तोही उडाला.

"इंजिन बी श्वास घेतं," त्यानं मला समजावलं. आवाज अगदी साधा होता. "पिष्टनच्या कडंनं थोडा धूर खाली उतरतोच. त्यो भाईर जायला वाट ठेवलेली असती. ती वाट बंद झाली की धूर आतच कोंडतो, आन मंग मिळंल त्या फटीतनं तेलाला भाईर ढकलतो. मागचं सील गेलेलं न्हाई. बिचारं दाबाखाली आलंय."

माझा जीव भांड्यात पडला. झाकणातली जाळी त्यानं उन्हाकडे धरली. ती धुळीनं बुजलेली होती. "ही एक नाकपुडी," म्हणाला. "दुसरी कुठं गेली बघू." आणि तो इंजिनाच्या कडेनं खाली हात घालून वाकला.

त्याचा हात थांबला, त्याच क्षणी मला आठवलं.

उघड्या तोंडाची नळी. चारपदरी गॉज. वरून बँडेज, टोकं आत खोचलेली. त्या दिवसापासून आजवरची सगळी धूळ आणि इंजिनाच्या पोटातलं सगळं काळं तेल त्या गॉजमध्ये मुरून त्याचा बूच झाला असणार. गळती लागली ती त्याच सुमारास. महिनाभर मी रोज तेल ओतत होते, नगरपर्यंत जाऊन आले होते, आणि गाडीच्या नाकावर कापड बांधणारी मीच होते. मिस्त्रीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. टोकं आत खोचायची ती तऱ्हा त्याच्या ओळखीची होती. त्याच्या अंगठ्यावर तो तशीच टोकं आठ दिवस बघत होता.

भोवती पाच-सहा माणसं उभी होती. मी डोळे मिटून घेतले. त्याच्या जागी मी असते तर काय बोलले असते, ते मला शब्दन् शब्द माहीत होतं.

"सापडलं का काय?" एका ट्रकवाल्यानं विचारलं.

"सापडलं," मिस्त्री म्हणाला. तो अंगानं आडवा झाला होता, त्यामुळे त्याचा हात कुणाला दिसत नव्हता. "कुंभारमाशीनं घर केलंया नळीत. मातीनं पार बुजवलंय."

लोक हसले. एवढीशी माशी आणि एवढी गाडी, अशी थोडी चेष्टा झाली. मिस्त्रीनं काहीतरी मुठीत घेऊन खिशात घातलं आणि नळी सोडवून रॉकेलमध्ये बुडवली.

पुढचं काम दुपारपर्यंत चाललं. झाकणाची जाळी धुतली. वरच्या झाकणाचं कॉर्कचं पॅकिंग दाबानं बाहेर ढकललं जाऊन तुटलं होतं. त्याच्या पेटीत कॉर्कचा तक्ता होता, त्यावर झाकण ठेवून त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली आणि नवं पॅकिंग कापलं. मी माझी कात्री देऊ केली तर म्हणाला, "नगं, ती मानसांना लागती." सगळं बसवल्यावर इंजिन पुन्हा पुसलं, पुन्हा पावडर, पुन्हा चार मैल. या वेळी वरची पावडर होती तशी कोरडी राहिली. मागून मात्र एखादा थेंब येत होता. "म्हातारीची सवय हाय ती," तो म्हणाला, "तेवढं चालायचंच." कागदाचा कपटा तोंडावर ठेवला तर तो जागचा हलला नाही. त्या वेळी मला रडू आलं. या खेपेला रागाचं नव्हतं.

टपरीवरची माणसं पांगल्यावर त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी माझ्या हातात दिली. "औषध हाय," म्हणाला. "घरी जाऊन उघडा."

मी तिथंच उघडली. काळाकुट्ट, चिकट गॉज. मी म्हणाले, "मिस्त्री, खरं सांगायचं होतंत. चूक माझी होती. मी तुम्हाला त्या दिवशी एवढ्या लोकांत बोलले होते."

"चारचौघांत बोललो असतो," तो हात पुसत म्हणाला, "तर तुमी पुन्हा माझ्याकडं आला नसता. मंग गाडी कुनी बघायची?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. गाडीची काळजी होती, बस. पण ते ऐकून मला पहिल्यांदा कळलं, की ती सासू दवाखान्याची पायरी का चढत नव्हती, आणि हेही कळलं की माझ्या तोंडामुळे आणखी किती जणी चढत नसतील. आजवर मला अनेकांनी शिकवलं, त्यातल्या कित्येकांच्या भिंतीवर पदव्या टांगलेल्या होत्या. या लिंबाखालच्या माणसाचे उपकार मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त वाटतात.

सोमवारी सकाळी उन्हं तापायच्या आत मी वस्तीवर पोचले. सून तयार होती. सासूही गाठोडं काखेत मारून दारात उभी होती. मला वाटलं अडवणार. तिनं गाडीचं मागचं दार उघडलं, आधी आपण बसली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही.

हमरस्त्याला लागेपर्यंत मी बैलाच्या चालीनं गाडी नेली. आरशात मला त्या दोघी दिसत होत्या. सासू पदरानं सुनेला वारा घालत होती आणि प्रत्येक खड्ड्याला तिच्या पोटावर हात ठेवत होती. रुईछत्तीशीच्या अलीकडे एका झाडाखाली मी गाडी थांबवली. मिस्त्रीनं बजावलं होतं, अर्ध्या वाटेवर तेल बघा. सळई उपसली, तेल वरच्या खुणेवर होतं. मी ती पुसून पुन्हा बुडवली, पुन्हा तेवढंच.

सासू खाली उतरून फडकं भिजवत होती. तिनं विचारलं, "काय झाल्तं गाडीला?"

दीड वर्षात ती माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. कुंभारमाशी माझ्या ओठांवर आली होती. गावभर तीच पसरली होती, आणि ती सांगून टाकणं फार सोपं होतं.

"धूळ जाऊ नये म्हणून मी तिच्या नळीला कापड बांधलं होतं," मी म्हणाले. "इंजिन त्या नळीतून श्वास सोडतं, ते मला माहीत नव्हतं. जपायला गेले आणि तिचा जीव कोंडला."

ती फडकं पिळत होती. तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मंग कोन बोललं का तुमाला?"

"नाही. मिस्त्रीनं झाकून घेतलं. लोकांना सांगितलं, कुंभारमाशीनं घर केलं होतं."

"चांगला मानूस हाय."

"हो. मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले..."

"चला," ती म्हणाली. "पोरीला ऊन लागतंय."

तासाभरात नगर आलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी ठणठणीत. बाळाच्या गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला नंतर सांगितलं. ते ऐकून मी दवाखान्याच्या बाकावर बसले आणि गाडीचे, मिस्त्रीचे, वडिलांचे, ज्याचे सुचतील त्याचे मनोमन आभार मानले.

टाके निघाल्यावर मी त्यांना घेऊन वस्तीवर आले. येताना सगळ्या वाटेवर मनाशी एकच गोष्ट घोकत होते. माझं ते बोलणं अंगणात झालं होतं, सगळ्यांच्या देखत. माफी झाडाखाली, अर्ध्या वाक्यात उरकून चालणार नव्हतं.

बाळ बघायला सगळी वस्ती अंगणात जमली. तीच माणसं, तेच अंगण. एका म्हाताऱ्यानं गाडीच्या टपावर हात ठेवून विचारलं, "ही बिघडली हुती म्हनं? काय झाल्तं वं बाई?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी सासू बोलली. बाळ तिच्या खांद्यावर होतं.

"काय न्हाई. नळीत कुंभारमाशीनं घर केल्तं."

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, कारण मोठा आवाज ही एक गोष्ट तरी माझ्याकडे होती, "मावशी, त्या थंडीत मी याच अंगणात तुम्हाला बोलले ते चुकीचं होतं. तुम्ही त्या बाळाला मारलं नव्हतं. तुम्ही त्याला जपत होतात."

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सासू माझ्याजवळ आली आणि बाळ माझ्या हातात दिलं.

"धरा जरा," म्हणाली. "मी खिडकी उघडून येते."